नऊ महिन्यांची बांधाबांध

विल्यम हार्वी आपल्याला शाळेच्या पुस्तकात एका ओळीपुरता भेटतो: रक्ताभिसरणाचा शोध, १६२८. याच हार्वीचं प्राण्यांच्या उत्पत्तीवरचं पुस्तक १६५१ साली निघालं, तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. त्या पुस्तकात त्याने एक प्रश्न मांडून ठेवला आहे. पोटातलं बाळ महिनोन्‌महिने श्वास न घेता मजेत जगतं. मग बाहेर येऊन एकदा का त्याने श्वास घेतला, की त्यानंतर श्वासावाचून त्याला जरासुद्धा निभावत नाही, असं का? काल जे चालत होतं ते आज का चालू नये?

प्रश्न लहान मुलाने विचारावा इतका सरळ आहे, पण त्याचं नीट उत्तर मिळायला तीनशे वर्षं लागली.

आयुष्यातल्या बदलांना सामोरं कसं जावं यावर आपण पुष्कळ बोलतो. शाळा सुटते, नोकरी लागते, लग्न होतं, गाव सुटतं, निवृत्ती येते. या सगळ्यांनी मान खाली घालावी असं एक स्थित्यंतर आपल्यापैकी प्रत्येकाने काही मिनिटांत पार पाडलेलं आहे, आणि त्यातलं कुणालाच काही आठवत नाही. पाण्यात राहणारा एक जीव हवेत राहायला आला. त्याने श्वास घ्यायची जागा बदलली, रक्ताची वाट बदलली, जेवायची रीत बदलली, स्वतःची ऊब स्वतः तयार करायला घेतली. एवढं सगळं काही मिनिटांत जमतं, कारण त्याची तयारी कित्येक महिने आधीपासून चाललेली असते. त्या तयारीत मला सगळ्यात नवल वाटतं ते याचं, की तिच्यातली बरीचशी सामग्री ती जमवली जात असताना कसल्याच उपयोगाची नसते.

आधी जुनं घर पाहू. अंधार, गर्भजल, आणि आईच्या अंगापेक्षाही जवळजवळ अर्धा अंश जास्त ऊब. प्राणवायू मात्र बेताचा. नाळेतून बाळाकडे येणाऱ्या, म्हणजे त्याला मिळणाऱ्या सगळ्यात चांगल्या रक्तातही प्राणवायूचा दाब आपल्या धमनीतल्या दाबाच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. केंब्रिजचे शरीरशास्त्रज्ञ जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी या अवस्थेची तुलना एव्हरेस्टवर राहण्याशी केली होती. बाळ गुदमरत नाही, कारण त्याचं हिमोग्लोबिन वेगळ्या घडणीचं असतं आणि प्राणवायूला जास्त घट्ट धरतं. या हिमोग्लोबिनकडे शेवटी परत यायचं आहे.

या घराचा सगळा कारभार वारेवर चालतो. बाळंतपण झाल्यावर वार पाहिलेली माणसं आता थोडी. पूर्वी घरोघरी दाई ती हातात घेऊन उलटसुलट करून पाहायची, कारण एखादा तुकडा आत राहिला तर बाळंतिणीच्या जिवावर बेतायचं. सुमारे अर्धा किलो वजनाची, वीतभर रुंद अशी ती चकती असते. आईच्या बाजूचं अंग कच्च्या काळजासारखं लालजांभळं, खाचाखाचांचं. बाळाच्या बाजूने ती गुळगुळीत, चकचकीत, आणि नाळ जिथे रुजलेली असते तिथून शिरा चहूबाजूंना फाकत गेलेल्या. ही वार बाळाचीच असते. ज्या एका फलित पेशीपासून बाळ घडतं, तिच्यापासूनच वारही घडते. म्हणजे हे बाळाचं स्वतःचं इंद्रिय आहे, फक्त अंगाबाहेर वाढवलेलं आणि एका मुक्कामापुरतं. फुप्फुस, मूत्रपिंड, आतडं, तिघांचं काम ती एकटी करते. नाळ साधारण अर्धा मीटर, जवळजवळ बाळाच्या लांबीइतकी. तिच्यात दोन धमन्या आणि एक शीर पीळ घालून बसवलेल्या, भोवती जेलीसारखा गर. मज्जातंतू मात्र एकही नाही. म्हणूनच नाळ कापली तरी ना आईला दुखत, ना बाळाला.

आता नळकाम. आपल्या हृदयाची उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे धाडते, तिथून ते डाव्या बाजूला येतं आणि मग अंगभर जातं. पोटातल्या बाळाची फुप्फुसं पाण्याने भरलेली, त्यांच्यातल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या. तिकडे सगळं रक्त पाठवून काय करणार? म्हणून दोन आडवाटा ठेवलेल्या असतात. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला एक भोक असतं आणि त्याला डाव्या बाजूने पातळ झडप. ही झडप एकाच दिशेला उघडते: उजवीकडून रक्ताने लोटलं तर वाट देते, डावीकडून लोटलं तर बंद होते. दुसरी वाट म्हणजे फुप्फुसाकडे निघालेल्या धमनीला थेट महाधमनीशी जोडणारी छोटी नळी. दोन्ही वाटा दुसऱ्या शतकातल्या गॅलेनने पाहिल्या होत्या, आणि जन्मानंतर त्या बुजतात हेही त्याने नोंदवलं होतं. रक्त हृदयातून कसं फिरतं याबद्दल गॅलेनच्या कल्पना साफ चुकीच्या होत्या, पण डोळे चांगले होते.

फुप्फुसांचं तर वेगळंच. त्यांच्यात भरलेलं पाणी बाहेरून आलेलं नसतं, ती स्वतःच ते तयार करतात. आणि अशी पाण्याने भरलेली छाती घेऊन बाळ चक्क श्वासाचा सराव करतं. दहाव्या-अकराव्या आठवड्याच्या सुमारास या हालचाली सुरू होतात. शेवटच्या महिन्यांत तर बाळ दिवसाचा सुमारे एक तृतीयांश वेळ छाती हलवत असतं, थोडा वेळ हलवलं, थोडा वेळ थांबलं, असं. सोनोग्राफीच्या पडद्यावर हे स्पष्ट दिसतं. या श्वासातून मिळत काहीच नाही, उलट थोडी ताकद खर्चच होते. बरीच वर्षं याला नुसती तालीम समजलं जायचं. पण गर्भजल चौथ्या-पाचव्या महिन्यातच गळून गेलं, किंवा एखाद्या आजारामुळे बाळाला छाती हलवताच आली नाही, तर फुप्फुसं खुरटलेली राहतात. म्हणजे फुप्फुसं तयार झाली की मग तालीम, असा क्रम नाही. छातीतलं पाणी आणि ही तालीम मिळूनच फुप्फुसांना वाढवतात. गाणं शिकणाऱ्याचा गळा रियाझाने तयार होतो हे आपण मानतो. इथे गळाच रियाझातून उगवतो आहे.

एवढं करून फुप्फुस वाढलं तरी एक अडचण उरते, आणि ती पाण्याच्या स्वभावातली आहे. पाण्याचा पृष्ठभाग सतत आकसू पाहतो. फुप्फुसातले वायुकोश डोळ्यांना न दिसणारे इवलेसे, आतून ओले. श्वास सोडला की हा ओलावा त्यांना मिटवून टाकणार, आणि पुढच्या श्वासाला ते पुन्हा शून्यापासून फुगवावे लागणार. नवा फुगा पहिल्यांदा फुगवताना गाल दुखतात. बाळाला प्रत्येक श्वासाला तेच करावं लागलं तर ते काही तासांत थकून जाईल. यावर उतारा म्हणजे सरफॅक्टंट, स्निग्ध पदार्थांचं एक मिश्रण, जे वायुकोशांच्या आतल्या ओलाव्यावर पसरून त्याचा ताण घालवतं. फुप्फुसातल्या काही खास पेशी ते तयार करतात. चोविसाव्या आठवड्याच्या आसपास सुरुवात होते आणि पुरेसा साठा व्हायला चौतीस-पस्तीस आठवडे उजाडतात. पाण्यात असेतोवर या पदार्थाचं काडीचंही काम नसतं.

दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं निळी पडून, कण्हत, फासळ्या आत ओढत का जातात, हे डॉक्टरांना कळत नव्हतं. मेल्यावर त्यांच्या फुप्फुसांत काचेसारखा पातळ पापुद्रा दिसायचा, त्यालाच दोष दिला जायचा. १९५९ साली मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवून दिलं की या बाळांच्या फुप्फुसात काही जास्त झालेलं नसून काहीतरी कमी आहे, आणि ते म्हणजे हे सरफॅक्टंट. चारच वर्षांनी, ७ ऑगस्ट १९६३ रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला, पॅट्रिक. साडेपाच आठवडे आधी, वजन सुमारे २.१ किलो. जगातला सगळ्यात बलाढ्य समजला जाणारा बाप आणि हाताशी देशातले उत्तम डॉक्टर, तरी ३९ तासांत ते बाळ गेलं. कारण ठाऊक होतं, उपाय नव्हता. १९८० साली जपानमध्ये तेत्सुरो फुजिवारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेलं सरफॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडलं, आणि ती सुधारली. आज पॅट्रिकएवढं बाळ कुठल्याही बऱ्या जिल्ह्याच्या ठिकाणी पेटीत ठेवतात आणि बहुधा घरी नेतात.

त्याआधी न्यूझीलंडमध्ये एक गंमत घडली. ऑकलंडच्या ग्रॅहॅम लिगिन्स यांना वेगळाच प्रश्न पडला होता: बाळंतपणाच्या कळा सुरू कोण करतं? आई की बाळ? मेंढ्यांमध्ये उत्तर बाळाच्या बाजूने लागलं. कोकराच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल वाढवत नेतात आणि त्या इशाऱ्यावर मेंढीला कळा येतात. याचा उलटा पुरावा अमेरिकेतल्या इडाहोच्या कुरणांत सापडला होता. तिथली एक विषारी वनस्पती मेंढीने गाभणपणाच्या चौदाव्या दिवसाच्या सुमारास खाल्ली तर कोकराला मधोमध एकच डोळा येतो, मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी जागेवर नसते, आणि मग दिवस उलटून गेले तरी मेंढी वीतच नाही. कोकरू आत वाढतच राहतं. निघायचा निरोप देणारंच कोणी नसतं.

लिगिन्स यांनी दिवस भरायच्या बऱ्याच आधी पोटातल्या कोकरांना कॉर्टिसॉलच्या जातीचं संप्रेरक टोचून पाहिलं. कळा आल्या, कोकरं जन्मली, ती अपेक्षेप्रमाणे फार कोवळी होती. पण त्यांतलं एक जगायला नको इतक्या कमी दिवसांचं असूनही श्वास घेत होतं, आणि नंतर पाहिलं तर त्याची फुप्फुसं काही प्रमाणात उघडलेली होती. शोधायला गेले एक आणि हाती लागलं भलतंच. ज्या संप्रेरकाने निघण्याची वेळ ठरते, तेच फुप्फुसांनाही पक्कं करत होतं. यकृतातला साखरेचा साठा, आतड्याची तयारी यांवरही त्याचाच हात असतो. बांधाबांध आणि प्रस्थान दोन्हींचा हुकूम एकाच तोंडून सुटतो, म्हणून सामान तयार नसताना गाडी सहसा सुटत नाही. माणसात कळा सुरू होण्याचं गणित इतकं सरळ नाही, त्यात वारेचाही मोठा वाटा आहे. पण फुप्फुसं पक्की होण्याचा भाग माणसालाही लागू पडतो. १९७२ साली लिगिन्स आणि रॉस हाउवी यांनी २८२ मातांवर केलेली चाचणी प्रसिद्ध केली. मुदतपूर्व कळा आलेल्या आईला याच जातीच्या स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली तर बाळाचा श्वासाचा त्रास आणि मृत्यू, दोन्ही ठळकपणे घटतात. तरीही पुढची वीसेक वर्षं बहुतेक डॉक्टरांनी हे मनावर घेतलं नाही. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या बोधचिन्हात ज्या आडव्या रेघा दिसतात, त्या याच इंजेक्शनांवरच्या चाचण्यांच्या आहेत. उशिराची खूण म्हणूनच त्यांनी ती तिथे ठेवली असावी असं मला वाटतं. आज आपल्याकडे आठव्या महिन्यात पोट दुखायला लागलेल्या बाईला ‘बाळाच्या फुप्फुसासाठी’ म्हणून जी इंजेक्शनं देतात, ती हीच.

बाकीचं सामान भराभर सांगतो. मानेखाली, दोन खांद्यांच्या मध्ये आणि मूत्रपिंडांभोवती तपकिरी चरबी साठते, जी जाळून बाळ न कुडकुडता ऊब तयार करतं. पोटात असताना ही भट्टी वारेकडून येणाऱ्या रसायनांनी दाबून ठेवलेली असते. यकृतात साखरेचा साठा. लोह. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, तीही मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचं दुखणं म्हणजे वजन कमी एवढंच नसतं. त्याची पिशवी अर्धीच भरलेली असते.

चवीचंही थोडं सामान असतं. बाळ गर्भजल पीत असतं, शेवटी शेवटी दिवसाला अर्धा लिटरच्या घरात, आणि आईने खाल्लेल्या पदार्थांचा वास त्यात उतरतो. २००१ साली जूली मेनेला यांच्या प्रयोगात काही गरोदर बायकांना गाजराचा रस प्यायला दिला. त्यांच्या मुलांनी पुढे गाजराच्या चवीची पेज पहिल्यांदा चाखताना इतरांपेक्षा कमी तोंडं वाकडी केली. लसणाचा वास गर्भजलात येतो हेही पाहिलं गेलं आहे. गर्भसंस्काराच्या वर्गांत अभिमन्यूचा दाखला हमखास दिला जातो. चक्रव्यूहाबद्दल मला शंका आहे, पण लसणाची फोडणी पोचते.

आणि मग कळा. बघणाऱ्याला वाटतं, बाळाला किती हा त्रास. पिशवी आवळते, डोकं दाबलं जातं, टाळूच्या फटींपाशी कवटीची हाडं एकमेकांवर सरकतात, दर कळेला वारेतला रक्तपुरवठा घटतो. स्वीडनचे ह्यूगो लागरक्रान्ट्झ यांनी जन्मतानाच्या बाळाच्या रक्तातली अ‍ॅड्रेनलिनच्या जातीची संप्रेरकं मोजली. जीव तोडून धावणाऱ्या मोठ्या माणसातही सापडणार नाहीत इतकी ती होती. याच लोटामुळे फुप्फुसं आपला खाक्या उलटा फिरवतात: महिनोन्‌महिने पाणी सोडणाऱ्या पेशी ते आत ओढायला लागतात. वारेकडून येणारी दाबून ठेवणारी रसायनं थांबली की ऊब तयार करणारी चरबीही पेटते. म्हणून कळा सुरू व्हायच्या आधीच, ठरवून, त्यातही मुदतीच्या दोन-तीन आठवडे अलीकडे केलेल्या सिझेरियनमधल्या बाळांना पहिला दिवसभर धाप लागलेली जास्त दिसते. फुप्फुसातलं पाणी उपसायची वर्दी त्यांना मिळालेली नसते. त्रास हा तयारीचाच शेवटचा भाग निघाला. सिझेरियन वाईट असा याचा अर्थ नाही. कित्येक माता आणि बाळं केवळ त्यामुळे हयात आहेत. मुहूर्त काढून तारीख ठरवणाऱ्यांनी मात्र पंचांगाच्या आधी आठवडे मोजावेत.

बाळ बाहेर येतं. ओलं अंग, दहा-बारा अंशांनी गार हवा, उजेड, हातांचा स्पर्श. शंभरातली सुमारे ८५ बाळं अर्ध्या मिनिटात आपणहून श्वास घेतात. आणखी दहांना पुसून, पाठ चोळून जागं करावं लागतं. उरलेल्यांपैकी बहुतेकांना मास्क आणि हाताने दाबायची पिशवी पुरते.

पहिल्या श्वासाबरोबर जे होतं ते क्रमाने पाहण्यासारखं आहे. हवा आत शिरते, पाणी वायुकोशांच्या भिंतींतून मागे हटतं, प्राणवायूचा स्पर्श होताच फुप्फुसातल्या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात. इतके दिवस दार बंद असलेल्या फुप्फुसांत रक्त धो धो शिरतं आणि तिथून हृदयाच्या डाव्या कप्प्यात येतं. डावीकडचा दाब उजवीपेक्षा वाढतो. तेवढ्याने ती पातळ झडप भोकावर दाबली जाते. कुणी टाका घालत नाही, दोन्हीकडच्या रक्ताचं पारडं फिरलं एवढंच. इकडे नाळेतल्या रक्तवाहिन्या आकसू लागतात. या वेळी घाई न करता मिनिटभर तरी थांबून नाळ बांधावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण तेवढ्यात वारेतलं सुमारे ८० मिलिलिटर रक्त बाळाकडे येतं. तीन किलोच्या बाळाला हे थोडंथोडकं नाही. पुढच्या कित्येक महिन्यांचं लोह त्यात असतं.

बाळ लगेच गुलाबी होत नाही. रक्तातला प्राणवायू पहिल्या मिनिटाला साठ-पासष्ट टक्के आणि नव्वदीपर्यंत यायला दहा मिनिटंही लागतात, आणि यात काही बिघडलेलं नसतं. एके काळी अशा निळसर बाळाच्या तोंडावर सर्रास शुद्ध प्राणवायू सोडायचे. आता दिवस भरलेल्या बाळाला मदत लागली तर साध्या हवेनेच सुरुवात करतात. एव्हरेस्टवरून उतरलेल्याला एकदम इतका प्राणवायू सोसत नाही, उलट त्याने इजा होते, हे कळायला विसावं शतक संपावं लागलं.

दुसरी आडवाट, ती छोटी नळी, इतक्या लगेच मिटत नाही. वारेकडून येणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तिला उघडं ठेवत असतात. वार गेली, ती घटली, वर प्राणवायू वाढला, की नळीचे स्नायू आवळतात. दोन-तीन दिवसांत ती बंद होते आणि पुढच्या काही आठवड्यांत नुसता दोर उरतो. काही बाळांच्या हृदयाची घडणच अशी चुकलेली असते की त्यांचं जगणं या जुन्या नळीवर अवलंबून असतं. पहिले दोन दिवस बाळ छान दिसतं, दूध पितं, आणि तिसऱ्या दिवशी अचानक खालावतं, कारण नळी मिटत असते. तेव्हा डॉक्टर तेच प्रोस्टाग्लँडिन सलाइनमधून थेंबाथेंबाने सोडतात आणि शस्त्रक्रिया होईपर्यंत जुनी वाट उघडी धरून ठेवतात.

हार्वीच्या प्रश्नाचं उत्तर इथे येतं. पहिले काही तास, काही दिवस, परतीची वाट खरोखर असते. बाळ गारठलं, प्राणवायू कमी पडला, तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या पुन्हा आवळतात, झडप पुन्हा उघडते आणि रक्त जुन्या वाटांनी वाहू लागतं. ते वारेकडे निघतं, पण वार तर केव्हाच कापून बाजूला ठेवलेली असते. त्यातून ऊब तयार करण्याचा नवा खर्च अंगावर पडल्यामुळे प्राणवायूची गरज वाढलेली. काल चालत होतं ते आज चालत नाही ते यामुळे. नवजात बाळ कोरडं करून आईच्या उघड्या छातीवर ठेवा, पहिली आंघोळ निदान चोवीस तास लांबवा, असा जो धोशा लावला जातो, त्यामागे हेच कारण आहे.

पहिल्या दिवसांत बाळाचं वजन उतरतं, सात ते दहा टक्क्यांपर्यंतसुद्धा, आणि घरात काळजी सुरू होते. दूध पुरत नाही, वरचं चालू करा. चीक थोडाच येतो, पण त्या दिवसांना तेवढाच हवा असतो. बाकीचं भागवायला शिदोरी बांधून आणलेली असते. बहुतेकांचं वजन बारशाच्या सुमारास जन्माच्या आकड्यावर परत येतं. पाचवीला सटवाई नशीब लिहायला येते म्हणतात. त्यातून शास्त्र शोधत बसू नये. पण नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच होतात, आणि ज्या बायकांनी ही पूजा घातली त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

या पहिल्या आठवड्यासाठी इस्पितळच हवं, असा समज गडचिरोलीत मोडला. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्यांच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, श्वास द्यायचं साधन, बाळाला गुंडाळायची उबदार पिशवी आणि प्रतिजैविकाचं इंजेक्शन. ३९ गावांतल्या या प्रयोगाचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला होता. पुढे २०११पासून आशाताई देशभर बाळाच्या घरी जाऊ लागल्या: तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा.

आता ते हिमोग्लोबिन. जन्मताना बाळाच्या अंगात सुमारे ७० टक्के जुन्या घडणीचं, प्राणवायू घट्ट धरणारं हिमोग्लोबिन असतं. नव्या घरात त्याची गरज नाही, म्हणून सहा महिन्यांत ते जवळजवळ संपतं आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन येतं. हा खांदेपालट काही मुलांना महागात पडतो. सिकलसेल या रक्ताच्या आजारातला दोष मोठ्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये असतो. त्यामुळे गडचिरोलीतलं किंवा नंदुरबारमधलं एखादं बाळ पहिले काही महिने ठणठणीत असतं, आणि मग हातापायांची बोटं सुजतात, रडं थांबत नाही. ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ सालीच नोंदवलं होतं की नवजात बाळांच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी फार थोड्या दिसतात, आणि याचं श्रेय त्यांनी जुन्या हिमोग्लोबिनला दिलं होतं.

जुनं हिमोग्लोबिन बनवायची कृती शरीर फेकून देत नाही. ती प्रत्येक पेशीत जन्मभर तशीच असते, फक्त तिच्यावर कुलूप असतं. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध ते थोडंसं किलकिलं करतं. २००८ साली या कुलपाचा एक मुख्य भाग सापडला, बीसीएल-११ए नावाचं जनुक, आणि नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रिटनने जनुक-संपादनाच्या ज्या पहिल्या उपचाराला परवानगी दिली तो बरोबर तिथेच कात्री चालवतो. तिशीतल्या माणसाच्या रक्तात त्याने आईच्या पोटात वापरलेलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर आहे. विदर्भातल्या रुग्णाच्या हातात सध्या पडते ती हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल. ती रोज घ्यावी लागते आणि अधूनमधून रक्त तपासत राहावं लागतं.